कारच्या दरवाज्यांची आतली पॅनेलं घरी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्मरेस्ट, हँडल आणि स्पीकरची जाळी ज्यावर बसते ते दरवाज्याचं आतलं पॅनेल घरी नव्यानं बनवणारे जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. सगळं वाचायला वेळ नसेल तर २, ४ आणि ११ एवढे तरी वाचाच. बिघडलेल्या पॅनेलचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

१. हे घरी खरंच जमतं का, की शेवटी सीटकव्हरवाल्याकडे जावंच लागतं?

पॅनेल सपाट असेल तर नक्की जमतं. जुन्या गाड्यांचं पॅनेल म्हणजे मापात कापलेला हार्डबोर्ड, त्यावर पातळ फोम आणि वरून रेक्झिन, एवढंच असतं. जिगसॉ (वळणं कापणारी विजेची करवत), ड्रिल, चांगली कातर आणि धीर असला की काम होतं. शिलाई मशीन लागेलच असं नाही (प्रश्न १३ पाहा).

नव्या गाड्यांची पॅनेलं मात्र साच्यातून काढलेल्या प्लास्टिकची, खोलगट आणि वळणावळणाची असतात. तो आकार सपाट बोर्डातून निघत नाही. तिथे मूळ पॅनेलवरच नवं आवरण चढवावं (प्रश्न १४), नाहीतर फायबरग्लासकडे वळावं (प्रश्न १५). पहिल्यांदाच करत असाल तर मागच्या दरवाज्यापासून सुरुवात करा. तिथे आरशाचा त्रिकोण नसतो, बटणं कमी असतात आणि काही वाकडंतिकडं झालं तरी फारसं कुणाच्या नजरेत येत नाही.

२. माझ्या गाडीत साइड एअरबॅग आहेत. पॅनेल बदललं तर चालेल का?

एअरबॅग नेमकी कुठे आहे यावर अवलंबून आहे. काही गाड्यांत, विशेषतः उघड्या छताच्या काही मॉडेलमध्ये, ती दरवाज्यातच असते आणि पॅनेल फाडून किंवा उचकटून बाहेर येते. पॅनेलवर एअरबॅगची खूण असेल तर त्या पॅनेलला हात लावू नका. नवं आवरणसुद्धा नको.

एअरबॅग सीटच्या कडेत असेल तर ती माणूस आणि दरवाजा यांच्यामधल्या अरुंद फटीत फुगते. ती फट तुम्ही जाड आर्मरेस्ट किंवा फुगीर गादी लावून भरून टाकू नये. पॅनेलची जाडी मूळ जाडीच्या आसपासच ठेवा.

तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत धडक ओळखायला दरवाज्याच्या पोकळीत हवेच्या दाबाचा सेन्सर असतो. बाहेरचा पत्रा आत चेपला की पोकळीतला दाब क्षणात वाढतो आणि त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही ते ठरतं. आतल्या पत्र्याला नवी मोठी भोकं पाडली किंवा असलेली झाकणं उघडी सोडली तर हे गणित बिघडतं.

पॅनेलच्या मागे कमरेच्या उंचीवर फोमचा किंवा प्लास्टिकच्या पोकळ कप्प्यांचा एक ठोकळा चिकटवलेला दिसेल. ते भरताड समजून फेकू नका. धडकेत कंबरेला बसणारा मार झेलण्यासाठी तो असतो. नव्या पॅनेलवर तो त्याच जागी परत लागला पाहिजे.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलाय तेवढा वेळ थांबा. एअरबॅगचे कनेक्टर सहसा पिवळे असतात. ते सुटलेले असताना चावी फिरवू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि मागाहून मशीन लावून घालवावा लागतो.

३. जुनं पॅनेल न मोडता कसं काढायचं?

आधी सगळे स्क्रू शोधा. ते लपवलेले असतात: ओढायच्या हँडलच्या खाचेत, आतून दार उघडायच्या कडीमागच्या छोट्या झाकणाखाली, आरशाजवळच्या त्रिकोणी तुकड्यामागे, कधी पॅनेलच्या खालच्या कडेला. हाताने काच फिरवायची दांडी असेल तर ती बहुधा घोड्याच्या नालेसारख्या तारेच्या क्लिपनं अडकलेली असते. दांडी आणि पॅनेल यांच्यामध्ये जुनं फडकं घालून डावी-उजवीकडे घासत ओढा, क्लिप टुणकन उडून येते. ती कुठे पडते यावर लक्ष ठेवा.

मग प्लास्टिकची चपटी पट्टी खालच्या कोपऱ्यातून आत सरकवा आणि दर क्लिपच्या अगदी शेजारी उचका. दोन क्लिपांच्या मध्ये जोर दिला तर बोर्डच फाटतो. तिन्ही कडा सुटल्या की पॅनेल वर उचला, कारण वरची कड बहुतेक वेळा काचेच्या फटीत अडकवलेली असते. झटका देऊन ओढू नका. मागे वायरी आणि कडीची केबल जोडलेली असते. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून गाडी थोडा वेळ उन्हात उभी करून मगच काम सुरू करा.

४. पॅनेलमागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद फाटला. तो नसला तर काय बिघडतं?

नवं पॅनेल बिघडतं. दरवाजा आतून कोरडा असतो हा गैरसमज आहे. पावसाचं पाणी काचेवरून ओघळत बाहेरच्या रबरी पट्टीच्या आत उतरतं, दरवाज्याच्या पोकळीतून खाली जातं आणि तळाच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर पडतं. दरवाज्याची रचनाच तशी आहे, ती काही गळती नव्हे. तो प्लास्टिकचा पडदा एवढंच करतो की आतल्या पत्र्याच्या भोकांतून उडणारे थेंब पॅनेलवर न येता पुन्हा पोकळीत पडावेत.

पडदा फाटला असेल तर जाड पॉलिथिनचा नवा कापा. त्याची खालची कड पत्र्यातल्या खाचेतून आत, पोकळीत सोडलेली असते. ती तशीच आत गेली पाहिजे. बाहेर राहिली तर सगळं पाणी पॅनेलच्या मागे जमा होतं. चिकटवायला ब्यूटाइलची (चिकट रबराची) दोरी वापरा. ती कायम मऊ राहते आणि पुढच्या वेळी पडदा न फाटता सुटतो. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन पत्र्यावर लावू नका, त्यातल्या आम्लानं गंज धरतो.

एवढ्यातच तळाची भोकंही तारेनं मोकळी करून घ्या. पाचोळा आणि चिखल साचून ती बुजलेली असतात.

५. पॅनेलसाठी कोणता बोर्ड घ्यावा?

माझी पहिली पसंती ३ मिमीच्या पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडला. हलका आहे, स्क्रू धरतो, कडा स्वच्छ कापल्या जातात. एका दरवाज्याला साधारण ०.६ चौरस मीटर बोर्ड लागतो असं धरलं तर ३ मिमी प्लायवूडचं वजन एक किलोच्या थोडं वर जातं.

हार्डबोर्ड मूळ गाड्यांत असायचा आणि जुन्या गाडीचं जुनेपण जपायचं असेल तर तोच योग्य. तो हलक्या वळणावर छान बसतो. एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेला बोर्ड) गुळगुळीत असतो आणि सहज मिळतो, पण त्याच्या कडेला पाणी लागलं की ती फुगते आणि पुन्हा बसत नाही. दरवाज्यासाठी मी तो टाळतो. एबीएस प्लास्टिकची ३ मिमी शीट पाण्याला दाद देत नाही आणि तापवून वळवता येते, मात्र उष्णता सगळीकडे सारखी द्यावी लागते. ॲल्युमिनिअमचा दीड मिमीचा पत्रा शर्यतीच्या गाड्यांत शोभतो. घरच्या गाडीत तो खणखणतो आणि त्याच्या कडा कापतात.

बोर्ड लाकडी असेल तर कापून, भोकं पाडून झाल्यावर आणि आवरण चढवण्याआधी दोन्ही बाजूंना वॉर्निश किंवा इपॉक्सीचे दोन हात द्या. कडा आणि भोकांच्या आतल्या भिंती विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. एकाच बाजूला रंग दिला तर बोर्ड वाकतो.

६. जुनं पॅनेलच नाही, किंवा तुकडे झालेत. माप कसं घ्यायचं?

जाड पुठ्ठा घ्या. दरवाज्यावर तो चिकटपट्टीनं लावून बाहेरची कड पेन्सिलनं उतरवा. दरवाजा बंद झाल्यावर जे रबर दाबलं जातं, त्याच्या आत पॅनेलची कड राहिली पाहिजे. कड रबरावर चढली तर दार आपटल्याशिवाय लागत नाही. पुठ्ठा कापून लावा आणि दार हळू बंद करून बघा. डॅशबोर्डचा कोपरा, सीटची कड, बेल्टचा खांब, सगळीकडे पुरेशी जागा हवी. पुठ्ठा मनासारखा बसेपर्यंत बोर्डाला करवत लावू नका. दुसऱ्या दरवाज्याचं पॅनेल शाबूत असेल तर प्रश्न ८ पाहा.

७. क्लिपांची भोकं नेमक्या जागी कशी येतील?

जुनं पॅनेल असेल तर ते बोर्डावर ठेवून भोकं सरळ उतरवा. नसेल तर क्लिपच्या डोक्याला खडू किंवा ओला रंग लावा, त्या पत्र्याच्या भोकांत उलट्या उभ्या करा आणि बोर्ड जागेवर धरून दाबा. बोर्ड दुसऱ्यांदा त्याच जागी यावा म्हणून वरच्या दोन कोपऱ्यांत खिळ्यांचे टेकू आधीच ठरवून ठेवा.

एक खोच आहे. काही क्लिपा पॅनेलच्या मागच्या खाचेत सरकून बसतात, त्यामुळे बोर्डावरचं भोक पत्र्याच्या भोकासमोर येत नाही, थोडं बाजूला येतं. क्लिप हातात घेऊन हे अंतर मोजा. क्लिपला किती जाडीचा बोर्ड चालतो तेही तपासा. २ मिमीसाठी बनवलेली क्लिप ४ मिमीच्या बोर्डात बसत नाही, आणि उलट केलं तर खुळखुळते. क्लिपा नव्याच घ्या, आणि त्यांच्या बुडाला रबरी वॉशर असेल तर तो काढू नका. भोकातून येणारं पाणी तो अडवतो.

८. डाव्या दरवाज्याचा साचा उलटून उजव्याला चालेल का?

बाहेरच्या आकारासाठी बहुतेक वेळा चालतो. आतल्या भोकांसाठी गृहीत धरू नका. चालकाच्या बाजूला बटणं जास्त असतात, कडीची केबल वेगळी जाते आणि अपघातात एखादा दरवाजा बदललेला असेल तर क्लिपांच्या जागाही सरकलेल्या असतात. साचा उलटा करून पत्र्यावर एकदा लावून पाहा, मगच कापा. आणि साच्याच्या दोन्ही बाजूंवर “डावा” आणि “उजवा” असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

९. आवरण कशाचं: रेक्झिन, कापड की खरं चामडं?

चारी बाजूंना ताणलं जाणारं, पाठीला विणलेलं कापड असलेलं, गाड्यांसाठी बनवलेलं रेक्झिन नवशिक्याला सगळ्यांत सोपं. सोफ्याचं रेक्झिन स्वस्त दिसतं, पण काचेतून येणाऱ्या उन्हाचा विचार करून ते बनवलेलं नसतं. ते कडक होतं आणि वरच्या कडेला चिरतं. कापड दिसायला उबदार असतं, पण ओल्या कोपराचा डाग धरतं. म्हणून ते मधल्या भागात लावावं, वर आणि खाली रेक्झिन ठेवावं.

चामडं सव्वा मिमीच्या आत जाडीचं असेल तरच कडेवरून नीट वळतं. जाड असेल तर कडांना पाठीमागून तासून पातळ करावं लागतं. एका कातड्यात सगळीकडे ताण सारखा नसतो, पोटाकडचा भाग सैल पडतो. तो दरवाज्याच्या खालच्या पट्टीसाठी ठेवा.

१०. फोम किती जाड घ्यावा? मला एकदम गुबगुबीत पॅनेल हवं आहे.

३ मिमी पुरतो, फार तर ६. गुबगुबीत पॅनेल दुकानात छान दिसतं, गाडीत त्रास देतं: काच फिरवायची दांडी तिच्या आसावर पुरेशी चढत नाही, कडीभोवतीचं झाकण बसत नाही, दार लावताना रबर नको तितकं दाबलं जातं. जाड गादी हवीच असेल तर ती मध्ये, कोपर टेकतं तिथेच द्या आणि कडांपासून ३०–४० मिमी आत संपवा.

पाठीला जाळीचं कापड असलेला फोम मिळाला तर उत्तम. ताणताना तो फाटत नाही. पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोम खालच्या भागासाठी चांगला.

११. उन्हाळ्यात माझं रेक्झिन फुगून सुटलं. गोंद कोणता वापरू?

याचं उत्तर गोंदाच्या नावाआधी त्याच्या तापमानात आहे. उन्हात बंद उभ्या गाडीत आतली हवाच ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि काळं रेक्झिन त्याहून जास्त तापतं. घरगुती कामाचे बरेच स्प्रे गोंद ५०–६० अंशांना मऊ पडतात, आणि ताणून बसवलेलं आवरण तीच संधी साधून मागे सरकतं. डब्यावर गाडीच्या आतल्या सजावटीसाठी किंवा छताच्या कापडासाठी असा उल्लेख आणि ८० अंशांच्या वरची मर्यादा दिलेली असेल तोच घ्या.

निओप्रीनवर (एका कृत्रिम रबरावर) आधारलेला कॉन्टॅक्ट गोंद चांगला धरतो. दोन्ही पृष्ठभागांना पातळ थर द्या, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, साधारण १० ते १५ मिनिटं, आणि मग दाबा. घाईनं ओलाच दाबला तर आतला द्रावक अडकतो आणि पहिल्याच उन्हात त्याची वाफ होऊन फुगे येतात. फुगे येण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच. एकदा दोन्ही थर टेकले की सरकवता येत नाही, म्हणून मध्ये जुना कागद घालून अर्धं अर्धं बसवा.

रेक्झिनला पाठीमागे कापड नसेल तर आणखी एक गोष्ट घडते. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट प्लास्टिसायझर हळूहळू गोंदात उतरतं आणि निओप्रीनला चिकट लगदा करून टाकतं. सुटलेलं आवरण उचलून बघा. गोंद दोन्हीकडे मऊ आणि लोंबणारा दिसला तर हेच कारण. अशा रेक्झिनला पॉलियुरेथेनचा दोन भागांचा गोंद लावावा, किंवा सरळ कापडी पाठ असलेलं रेक्झिन घ्यावं.

हे काम उघड्यावर करा. या गोंदांची वाफ डोक्यात जाते आणि ठिणगीनं पेटते. जवळ हीटगन चालू ठेवून गोंद फवारणारे लोक मी पाहिले आहेत. तसलं धाडस करू नका.

१२. कोपऱ्यांवर चुण्या पडतात. मागे नीट कसं वळवायचं?

आवरण कडेपासून ३० मिमी तरी बाहेर ठेवा. मधून सुरुवात करून बाहेर या, समोरासमोरच्या कडा आळीपाळीनं घ्या, कोपरे सगळ्यांत शेवटी. बाहेर फुगणाऱ्या गोल कोपऱ्यावर कापड जास्त होतं, तिथे मागच्या बाजूला लहान लहान त्रिकोण कापून काढा. आत वळणाऱ्या कोपऱ्यावर कापड कमी पडतं, तिथे नुसती सरळ चीर द्या, पण ती कडेच्या ३–४ मिमी आधी थांबवा. कडेपर्यंत चीर गेली की समोरून बोर्ड दिसतो आणि तो लपवायला काही उपाय नाही.

रेक्झिन हेअर ड्रायरनं कोमट करून ताणा. हाताला सोसवेल एवढंच गरम करा. चकाकी आली म्हणजे जास्त तापलं. स्टेपलचे पाय बोर्डाच्या जाडीपेक्षा आखूड हवेत. ३ मिमी बोर्डात ६ मिमीचे स्टेपल मारले तर ते समोरून टोचतात. प्लास्टिकवर स्टेपल नकोच, गोंदच पुरेसा आहे.

१३. मधोमध दुरंगी शिलाई हवी आहे. घरचं मशीन चालेल का?

पातळ रेक्झिनच्या दोन थरांना बऱ्याचदा चालतं, फोमसकट चार थरांना सहसा नाही. जाड सुई लावा, टाका ४ ते ५ मिमी ठेवा. बारीक टाक्यांनी रेक्झिनला सलग भोकं पडतात आणि ते तिथूनच फाटतं. दोरा बाँडेड पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉनचा दोरा ताकदवान असतो खरा, पण उन्हानं लवकर कुजतो. आधी तुकडे जोडा, शिवण पाठीमागून दोन्हीकडे उघडून चिकटवा, वरून टीप घाला, आणि मगच सगळं एकसंध कापड पॅनेलवर चढवा. शिवण सरळ बसावी म्हणून बोर्डावर खडूनं रेघ मारा आणि चिकटवायला तिथूनच सुरुवात करा.

मशीन नसेल तर बोर्डाचे दोन वेगळे तुकडे करून प्रत्येकाला आवरण घाला आणि मागून पट्टीनं जोडा. सांधा शिवणीइतकाच नेटका दिसतो.

१४. मूळ पॅनेल साच्यातल्या प्लास्टिकचं आहे. त्यावरच रेक्झिन चिकटवता येईल का?

प्लास्टिक कोणतं त्यावर ठरतं. पॅनेलच्या पाठीवर कोरलेली अक्षरं वाचा. एबीएस असेल तर पॉलिशपेपरनं खरवडा, धूळ पुसा आणि चिकटवा. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलिन असेल, आणि बऱ्याचदा तेच असतं, तर साधा गोंद त्यावर धरतच नाही. आज चिकटलेलं महिन्याभरात सालीसारखं निघतं. त्यासाठी प्लास्टिकवर मारायचा, गोंदाला पकड देणारा अ‍ॅडहेजन प्रमोटर मिळतो. तो पातळ फवारायचा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आत गोंद लावायचा. त्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पॅनेल पुसा. वर्षानुवर्षं लावलेल्या पॉलिशमधलं सिलिकॉन निघाल्याशिवाय काहीच टिकत नाही.

तुटलेला एबीएसचा कान जोडायचा असेल तर एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून दाट पेस्ट करा. पीपीला हा उपाय लागू पडत नाही.

खोल खळगे असतील तर त्यात आवरण ताणून बसवण्याचा हट्ट नको. उन्हात ते वर उचललं जाऊन तंबू होतो. खळग्याचा तळ वेगळा कापून लावा.

१५. आर्मरेस्ट आणि खिसे स्वतःच्या आकाराचे हवेत. फायबरग्लास घरी करता येतं का?

येतं, पण घरात नको, अंगणात किंवा गच्चीवर. पद्धत अशी: प्लायवूडच्या पॅनेलवर आर्मरेस्टचा सांगाडा लाकडी पट्ट्यांनी उभा करायचा, त्यावर फ्लीसचं कापड ताणून स्टेपल करायचं आणि त्यात पॉलिएस्टर रेझिन मुरवायचं. कापड कडक झालं की मागच्या बाजूनं काचेच्या धाग्यांच्या मॅटचे एक-दोन थर द्यायचे. मग पुट्टी आणि घासकाम: ८० नंबरच्या पॉलिशपेपरपासून सुरुवात, आवरण चढवायचं असेल तर १८० ला थांबलात तरी चालतं, रंग द्यायचा असेल तर ३२० आणि पुढे.

हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं रसायन, रेझिनच्या १ ते २ टक्केच असतो. जास्त घातला तर डबा हातात असतानाच तापून धूर सोडतो. उरलेलं रेझिन कचऱ्यात टाकू नका, पसरट भांड्यात थंड होऊ द्या. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते, म्हणून चष्मा बंदिस्त हवा. रेझिनमधून निघणाऱ्या स्टायरिनच्या वाफेसाठी कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो. साधा कापडी मास्क धुळीलासुद्धा अपुरा पडतो. आकार घडवायला थर्माकोल वापरलात तर पॉलिएस्टर रेझिन तो खाऊन टाकतं. तिथे पॉलियुरेथेन फोम किंवा इपॉक्सी वापरा.

वजनाचंही भान ठेवा. ४ मिमी जाडीचं पूर्ण फायबरग्लास पॅनेल तीन किलोच्या पुढे सहज जातं आणि ते नुसत्या क्लिपांवर टांगून राहत नाही. आर्मरेस्ट धरून आपण दार ओढतो, म्हणून त्याचा स्क्रू बोर्डात नाही, मूळ जागी पत्र्यातच गेला पाहिजे. कडांची गोलाई हाताला जाणवेल एवढी ठेवा. वाहनांच्या आतल्या भागांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २१ क्रमांकाच्या नियमात डोकं लागू शकेल अशा कडांना किमान २.५ मिमी त्रिज्या सांगितली आहे. घरच्या कामात त्याच्या दुप्पट ठेवायला काहीच हरकत नाही.

१६. बटणांची चौकट थ्रीडी प्रिंट केली, उन्हाळ्यात वाकली. का?

पीएलए हे प्रिंटरचं प्लास्टिक वापरलं असणार. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. दुसरं प्लास्टिक, पीईटीजी, ८० पर्यंत टिकतं, काठावरच म्हणायचं. एबीएस किंवा एएसए १०० च्या आसपासपर्यंत तग धरतात, आणि उन्हाला एएसए जास्त बरं.

१७. मोठे स्पीकर बसवायचे आहेत. पॅनेलला भोक पाडून तिथेच स्क्रू करू का?

नको. स्पीकर पत्र्यावर बसवा, पॅनेलला फक्त त्याच्यासमोर जाळी द्या. ३ मिमीचा बोर्ड स्पीकरबरोबर थरथरतो आणि आवाजातला जोर तिथेच जिरतो. मधली रिंग प्लास्टिकची किंवा सगळ्या बाजूंनी वॉर्निश केलेल्या प्लायवूडची घ्या.

भोक छापील मापावर पाडू नका. १६५ मिमीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या स्पीकरांची खालची टोपली वेगवेगळ्या व्यासाची असते. हातातला स्पीकर मोजा. आणि काच पूर्ण खाली घेऊन पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर बघा. स्पीकरची खोली त्यापेक्षा कमी हवी.

बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलच्या पट्ट्या लावल्या तर दाराचा आवाजही भारदस्त होतो. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, मधला पाव भाग झाकला तरी बराच फरक पडतो. निचऱ्याची भोकं बुजवू नका, आणि दाबाचा सेन्सर असेल तर प्रश्न २ आधी वाचा.

१८. पॅनेल लावल्यावर काच अडकते, किंवा आतली कडी अर्धवटच चालते.

काच अडकत असेल तर कुठला तरी स्क्रू लांब आहे. पॅनेल काढा, काच खालीवर करत प्रत्येक स्क्रूचं टोक मागे कुठवर जातं ते बघा. कडीचं कारण बहुधा जाडी असतं: पॅनेल २–३ मिमी बाहेर आलं की केबलचं टोक तिरकं ओढलं जातं, किंवा कडीची चौकट बोर्डाच्या भोकात घासते. भोक कानसीनं मोठं करा, केबल ताणू नका.

पॅनेल शेवटचं दाबण्याआधी दार उघडं ठेवून आतली कडी, कुलूप, काच सगळं चालवून बघा. दार आतून हातानं उघडता आलंच पाहिजे. दिसायला स्वच्छ म्हणून कडी लपवून फक्त बटणावर दार उघडायची कल्पना काहींना सुचते. बॅटरी गेली की आतला माणूस अडकतो. त्यात मला काहीही शहाणपण दिसत नाही.

१९. काच खाली असताना दार खडखडतं. पॅनेल तर घट्ट आहे.

बऱ्याच जुन्या गाड्यांत काचेला आतून टेकणारी फेल्टची पट्टी पॅनेलच्याच वरच्या कडेला स्टेपल केलेली असते. ती जुन्या पॅनेलबरोबर टाकून दिली की काच मोकळी पडते. काढून नव्या पॅनेलवर लावा, झिजली असेल तर नवी घ्या. ती असूनही आवाज येत असेल तर कुलपाच्या सळ्या आणि वायरी कापडी टेपनं गुंडाळा, आणि जिथे बोर्ड सरळ पत्र्याला टेकतो तिथे फेल्टची पट्टी चिकटवा.

२०. पॅनेलमध्ये एलईडी पट्टी लावायची आहे.

वायर दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतूनच न्या, फ्यूज लावा आणि पुरवठा चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवरून घ्या. नव्या गाड्यांत दाराच्या बटणांच्या बारीक वायरींवर वीज नव्हे, संदेश वाहत असतात. त्यांना काही जोडू नका. चालकाच्या डोळ्यात थेट प्रकाश येणार नाही अशा बेतानं पट्टी खाली तोंड करून लावा.

२१. फोम आणि कापड पेट घेईल का? काही नियम आहेत का?

गाड्यांच्या आतल्या साहित्यासाठी असतात. अमेरिकेच्या ३०२ क्रमांकाच्या सुरक्षा मानकात आडव्या तुकड्यावर आग मिनिटाला १०२ मिमीपेक्षा वेगानं पसरू नये असं आहे, आणि आयएसओ ३७९५ ही तशाच चाचणीची पद्धत आहे. विकत घेताना साहित्य यातल्या कशावर तरी उतरलंय का ते विचारा. सोफ्याचा किंवा पॅकिंगचा फोम ही हमी देत नाही. गाडीत बदल करण्याविषयीचे नियम आणि विम्याच्या अटी मात्र प्रत्येक देशात वेगळ्या आहेत. एअरबॅगच्या आसपास हात घालण्याआधी त्या बघाच.

२२. सगळं नीट केलं, तरी खालची कड फुगली. पूर्ण पॅनेल नव्यानं करावं लागेल का?

लागतंच असं नाही. आधी पाणी कुठून आलं ते शोधा. पॅनेल काढा, पडदा जागेवर ठेवा, काच बंद करून बाहेरून पाणी सोडा आणि टॉर्चनं बघा. पडद्याच्या वर ओल दिसली तर वरची चिकटवणी सुटली आहे. खालच्या कडेला ओल असेल तर पडद्याचं टोक बाहेर राहिलंय (प्रश्न ४). पडदा कोरडाच आणि तरी कड ओली, तर पाणी दारातून आलेलंच नाही. ते दार उघडल्यावर छपराच्या कडेवरून पडतं, किंवा ओल्या बुटांचं आहे.

कारण मिटवल्यावर आवरण खालून हातभर सोडा, फुगलेली पट्टी सरळ रेषेत कापून काढा, तेवढ्याच रुंदीची एबीएसची पट्टी मागून जोडपट्टी लावून इपॉक्सीनं बसवा. सांधा घासून सपाट करा, नाहीतर रेक्झिनवर रेघ उमटते. जुना गोंद पूर्ण खरवडून नवा लावा. क्लिपांची खालची ओळ आता प्लास्टिकमध्ये येईल, तेव्हा भोकं नव्यानं मोजून पाडा.